सावळारामचा भाऊ

आळेफाट्याच्या सलूनात हल्ली पोरं ‘सावळाराम मिशी’ मागतात. एकाहत्तरच्या लढाईत विमानासकट गेलेला आळ्याचा फायटर पायलट सावळाराम गेल्या वर्षी सिनेमात आला, आणि मग ट्रकांच्या पाठीवर, टी-शर्टांवर, वरातीतल्या डीजेवर, जिकडं तिकडं तोच. त्याचा धाकटा भाऊ सयाजी आता त्र्याहत्तरचा. त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. ‘सावळारामचा भाऊ’, बस्स.

हे दुखणं जुनं होतं. आई साय राखायची ती दादासाठी. दादा आभाळात गेला, हा ढेकळांत राहिला. दादा सव्विसाव्या वर्षी मेला आणि तसाच देखणा राहिला. याचे गुडघे गेले, दात गेले. मेलेल्या भावाचा हेवा करतो याची सयाजीला लाज वाटे, पण हेवा काही जात नसे. एकच गोष्ट निव्वळ त्याची होती. अठ्ठ्याहत्तर साली शेजारची नऊ वर्षांची भागू विहिरीत पडली, तेव्हा उडी टाकून तिला त्यानं काढलं होतं. कपारीच्या दगडानं त्याची डावी पोटरी फाटली होती. तो वण तो अधूनमधून चोळत बसे.

सिनेमा टीव्हीवर लागला त्या दुपारी तो बायकोबरोबर पाहत बसला. मध्यावर पडद्यावरच्या सावळारामानं विहिरीत उडी टाकली आणि एका पोरीला वर काढलं.

“हे माझं हाय!” सयाजी ओरडला. “दादा तवा व्हता कुठं?”

“तुमचं कसं? भागूला भावजींनी काढली,” प्रयागबाई शेंगा सोलत म्हणाली. ती या घरात आली पंच्याहत्तर साली. दिराला तिनं कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

रात्रभर तो तळमळला. सकाळी जीप धरून वारूळवाडीला गेला. भागूला तिथं दिलेली. ती अंगणात टोमॅटोचे क्रेट धूत होती.

“भागू, तुला विहिरीतनं कुणी काढलं?”

“सावळारामदादांनी. अख्ख्या जगाला ठावं हाय.”

“अगं, दादाला जाऊन सात वर्सं झाली व्हती!”

भागूचे हात थांबले. “व्हय,” ती हळूच म्हणाली. “पर निळी वर्दी व्हती. मी गच्च धरली व्हती ना. बटणं लई गार लागत व्हती.”

“आन् मी?”

तिनं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. “तुमी काठावर व्हता. नुसतं बघत.”

परतीच्या जीपमध्ये त्यानं पायजमा वर सरकवला.

पोटरी गुळगुळीत होती. दुसऱ्या पायाचीही पाहिली. वण कुठंच नव्हता.

फाट्यापासून तो जवळजवळ पळत घरी आला; गुडघे एकदाही दुखले नाहीत. दार उघडंच होतं. ओट्यावर गहू निवडत बसलेल्या प्रयागबाईनं मान वर केली. पन्नास वर्षं संसार केलेल्या त्या बायकोनं त्याला पाहून पदर डोक्यावरून पुढं ओढला.

“प्रयागे, माझा पाय बघ...”

ती सूप घेऊन उठली, एका अंगाला सरकली.

“बसा, पावणं,” ती अदबीनं म्हणाली. मग आत तोंड करून तिनं हाक मारली, “अवं, कुणी आलंय बघा!”

“आलो, आलो,” आतून उत्तर आलं.

आवाज सयाजीचाच होता.