हॅसेलविगचा पक्षिराज

डेन्मार्क देशाच्या युटलंड प्रांतात, पूर्व किनाऱ्यावर, बीच वृक्षांचे रान पाठीशी आणि उथळ खाडी पायाशी घेऊन हॅसेलविग नावाचे एक लहानसे बंदर वसले होते. पेंटेकॉस्टच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी तेथे उजाडले, तेव्हा खाडीवरचे धुके मातीच्या तटावर चढून हळूहळू विरले, लाकडी चौकटींच्या बुटक्या घरांवरची तांबडी कौले एकामागून एक उजळली, चर्चच्या शुभ्र मनोऱ्यावर करकोच्यांनी पंख झटकले. परंतु वेशीवर स्वीडनचे निळे-पिवळे निशाण डौलाने फडकत होते, आणि म्हणून ती पहाट कोणालाच आपली वाटली नाही.

बर्टेल त्या पहाटे नगरसभेच्या इमारतीमागे, तळघराच्या गजांपाशी उकिडवा बसला होता. पोटापाण्यासाठी तो जहाजांचे दोर वळी. स्वभावाने इतका मुखदुर्बळ, की गिऱ्हाईकाने भाव पाडून मागितला तर वाद घालण्यापेक्षा दोर देऊन मोकळा होई. बंदूक हाती आली म्हणजे मात्र त्याचा नेम साऱ्या पंचक्रोशीत कोणाला हार जात नसे. गजांपलीकडे त्याचा थोरला भाऊ एब्बे कैदेत होता. तो होडीवाला. आपल्या राजाचे निरोप सामुद्रधुनीपलीकडे पोचवताना तो पकडला गेला होता, आणि त्याला फाशी फर्मावली होती.

गेल्या हिवाळ्यात समुद्र गोठला, शत्रूची फौज बर्फावरून चालत आली आणि गाव न लढताच पडले. शिबंदीचा सरदार कर्नल स्टेनशोल्ड तेव्हापासून गावकऱ्यांकडे एकच गोष्ट मागत होता: स्वीडनच्या राजाशी इमानाची शपथ. शपथ झाली की गाव प्रजा ठरणार, प्रजा ठरली की तरणी पोरे फौजेत आणि होड्या आपल्याच राजधानीवरच्या स्वारीत जाणार, हे सारे जाणून होते. म्हणून शपथेचा दिवस ठरला की कधी पाद्रीबुवा आजारी पडत, कधी कागदावर उठवायची गावची मोहर विहिरीत पडे. कर्नल कंटाळला, आणि तेव्हा नगरशेट ओल्लुफ ब्रॉक याने त्याला एक आडवाट दाखवली.

त्या गावची पूर्वापार रीत अशी, की पेंटेकॉस्टनंतर कुरणात उंच डोलकाठी उभारून तिच्या टोकाला लाकडी पक्षी ठोकायचा, नेमबाजांच्या मंडळाने पाळीपाळीने त्याचे पंख, शेपूट, डोके उडवायचे, आणि ज्याच्या गोळीने अखेरचा छातीचा तुकडा खाली येईल तो वर्षभराचा पक्षिराज. मग प्रत्येकाने त्याच्या हातात हात देऊन म्हणायचे, 'तुझा शब्द तो माझा शब्द.' घरटी निदान एक माणूस त्या मंडळात होता. कर्नल पाहुणा म्हणून नेमबाजीत उतरणार, पक्षी पाडणार, गाव त्याच्या हातात हात देणार, आणि कर्नलचा शब्द कोणत्या राजाचा हे सांगायला कोणी नको होते. अडसर एकट्या बर्टेलच्या नेमाचा. आदल्या संध्याकाळी नगरशेटने त्याला घरी बोलावून, हातात मधाच्या दारूचा पेला ठेवून, गोडीगुलाबीने सौदा सांगितला होता: तुझ्या पाळीला नेम चुकव, भाऊ मोकळा.

हे सगळे बर्टेलने अडखळत सांगितले. एब्बे आधी हसला.

"ब्रॉकने तुला दारू पाजली? मग कर्नल फारच घायकुतीला आलेला दिसतो. तो म्हातारा स्वतःच्या बायकोला पाणी विचारत नाही."

"दादा, मी काय करू?"

एब्बेने गजांना कपाळ टेकले. मग हलक्या आवाजात म्हणाला, "ते मला विचारू नकोस. मला जगायचे आहे, बर्टेल, आणि मला भीतीही वाटते. मी 'चुकव' म्हणालो तर ते भीतीचे बोल, 'पाड' म्हणालो तर ती फुशारकी. तुझी पाळी आली की मला विसरून बघ. जमले तर."

दुपारपर्यंत कुरण माणसांनी फुलून गेले. नगरशेटने पाळ्या अशा लावल्या होत्या, की बर्टेलपाठोपाठ कर्नलच यावा. पंख गेले, शेपूट गेली, डोके उडाले. छातीचा तुकडा खिळ्यावर लोंबकळू लागला, आणि नगरशेटने बर्टेलचे नाव पुकारले. कर्नल आपल्या बंदुकीची नळी रेशमी रुमालाने पुसत उभा होता. बर्टेल जवळून जाताना त्याने अदबीने मान लववली. "मास्टर बर्टेल, वारा फार आहे. अशा वाऱ्यात नेम चुकला तर कोणी नावे ठेवणार नाही."

बर्टेलने बंदूक खांद्याला लावली. भावाला विसरायचा त्याने प्रयत्न केला, आणि ते त्याला साधले नाही. आईच्या माघारी एब्बेनेच त्याला वाढवले होते, वल्ही मारून सोलवटलेल्या हातांनी भरवले होते. ते हात डोळ्यांसमोरून हलेनात. पण त्याच हातांनी उद्या गावच्या पोरांना होडीत घालून परक्या राजाच्या लढाईला पोचवायचे, आणि तेही आपण मिळवलेल्या त्याच्या सुटकेच्या मोलाने, हा विचार मनात आला मात्र, आणि त्याचा श्वास आपोआप स्थिर झाला. नेम चुकवायला जी थरथर लागते ती त्याच्या हाती उरली नाही. बार झाला. तुकडा गिरक्या घेत गवतावर पडला.

कुरणात जयघोष झाला नाही. डोक्यावरच्या टोप्या तेवढ्या उतरल्या. मग एक म्हातारा कोळी पुढे आला, त्याने बर्टेलच्या हातात हात दिला आणि शपथ उच्चारली; त्याच्यामागून लोहार, कुंभार, पाद्रीबुवा, सारे गाव आले. नगरशेटलाही यावे लागले, आणि त्याचा तळवा घामाने भिजला होता. पाहुणा म्हणून उतरलेल्या कर्नलनेही हात द्यावा अशी रीत होती. बर्टेलने आपला हात त्याच्यापुढे केला व तो तसाच धरून राहिला. कर्नलने त्या हाताकडे पाहिले, घोड्यावर मांड टाकली आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर फाशीचा खांब उभा राहिला. शिपाई दोर मागत घरोघर फिरले; त्या बंदरात, जिथे दारोदार दोरांची वेटोळी पडलेली असत, तिथे त्यांना हातभर सुतळीही मिळाली नाही. शेवटी आपल्या तोफगाड्याचा दोर त्यांनी सोडून आणला.

एब्बेने शिडीपाशी थांबून कर्नलकडे तोंड वळवले. "सरदारसाहेब, मीही त्या मंडळाचा सभासद आहे. काल आपल्या पाहुणचारामुळे मला हजर राहता आले नाही. माझी शपथ राहून गेली आहे."

कर्नलने होकारार्थी मान हलवली. बर्टेल पुढे आला. एब्बेने आपले बांधलेले दोन्ही हात त्याच्या हातात ठेवले.

"तुझा शब्द तो माझा शब्द," तो सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, आणि मग फक्त भावाला ऐकू जाईल असे, "गोळी जरा डावीकडे लागली असणार. तुझी जुनी खोड."

"थोडी," बर्टेल म्हणाला.

हॅसेलविगने स्वीडनच्या राजाशी इमानाची शपथ कधीच घेतली नाही. होड्या बंदरातच राहिल्या, पोरे घरातच राहिली. नगरशेट ब्रॉक उन्हाळ्यातच बिऱ्हाड उचलून दूरच्या गावी गेला आणि त्याला निरोप द्यायला कोणी दारात आले नाही. कालांतराने तह झाला. शिबंदी वेशीबाहेर पडली त्या दिवशी चर्चच्या घंटा दुपारपर्यंत थांबल्या नाहीत आणि सारे गाव तटाकडे धावले. बर्टेल तेवढा आपल्या लांबलचक दोरशाळेत होता. कमरेला तागाचे पेळू बांधून, दोर वळणारे चालतात तसा, तो एकेक पाऊल मागे मागे सरकत होता, आणि त्याच्या बोटांतून निघालेला नवा दोर त्याच्यासमोर, घंटांच्या नादात, ताठ होत चालला होता.