धावफलकातला भोपळेबाबा

चिंगीच्या आत्याचं लग्न झालं, त्याच वर्षी घराजवळच्या मैदानावर जागतिक क्रिकेट स्पर्धेचे सामने ठरले. सुट्टी लागताच चिंगी, तिचा धाकटा भाऊ बोका आणि शेजारचा चष्मेवाला मुलगा, ज्याला सगळे प्रोफेसर म्हणत, यांनी मैदानावरच मुक्काम ठोकला. तिथला जुना लाकडी धावफलक चिंगीचा मामा चालवायचा. उद्या सराव सामना होता.

"पुन्हा भोपळा!" बोका ओरडला.

मामाने सकाळी टांगलेले आकडे, एक सोडून, नाहीसे झाले होते. फलकाच्या बाकीच्या खिडक्यांतून नुसती शून्यं डोळे वटारून बघत होती. आणि वर कुणीतरी कण्हलं!

फलक रंगवायला आलेला रंगारी ब्रश टाकून पळाला. "भोपळेबाबा! जुना फलकवाला! वरच आकडे टांगता टांगता गेला बिचारा. आता दुसऱ्याचा आकडा टिकू देत नाही!"

या भीतीने मामाशिवाय वर कुणी फिरकत नव्हतं. तपासणीचे साहेबसुद्धा खालूनच मान वर करून "पक्का आहे" म्हणून गेले होते.

"मामा, उद्या वर बसू नकोस ना!" चिंगी म्हणाली.

"अगं, मेलेला माणूस काय करणार? भ्यावं ते जिवंतांना!" मामा हसत चहाला गेला.

चिंगीला हसू आलं नाही. "चला वर!"

"मी खाली पहारा देतो," प्रोफेसर पुटपुटला.

"भित्री भागूबाई!" बोक्याने चिडवलं. पण जिना चढताना त्याचीही बोबडी वळली होती.

भर दुपारी आत अंधार होता. खिडकीकडे तोंड करून एक रिकामी खुर्ची. वारा सुटला आणि खुर्ची आपोआप पुढे सरकली! खिळ्यावर उरलेली एकुलती आकड्याची पाटी डुलली, खण्णकन पडली. मागे कायमचं ठोकलेलं शून्य उघडं पडलं.

"ताई, तो कण्हतोय!"

चिंगीने खुर्चीकडे कान लावला. पण आवाज पायांखालून येत होता. तिने फळ्यांच्या फटीतून पाहिलं. खाली लाकडाचा ताजा भुसा! मैदानावर बसवलेल्या नव्या इलेक्ट्रॉनिक पडद्याच्या वायरी नेण्यासाठी कुणीतरी आधाराची तुळईच कापली होती. वारा आला की अख्खा फलक पुढे झुकत होता.

मुलं धावत साहेबांकडे गेली. शेजारीच पाहुणा संघ सराव करत होता.

"लहान तोंडी मोठा घास!" साहेब खेकसले. "मी तपासलाय फलक."

"खालून!" प्रोफेसर म्हणाला.

चिंगीने मुद्दामच आवाज चढवला. "मग आता वर चढून दाखवा ना, साहेब! का भुताला भिता?"

सगळे हसले. साहेबांना चढावंच लागलं. अर्ध्यावर गेले, वारा आला, फलक कण्हला आणि जिना हातभर सुटला. साहेब उड्या मारतच खाली!

"साहेबांचा त्रिफळा!" बोका ओरडला.

"सगळे मागे व्हा!" साहेब किंचाळले.

ऊन कलताना फलक हळूहळू वाकला आणि कुणी म्हाताऱ्याने अंग टाकावं तसा गवतावर आडवा झाला. आत कुणीच नव्हतं.

मामाने टोपी काढली. "बाबा सांगत होता रे. आम्हीच ऐकलं नाही."

पाहुण्या कप्तानाने तिघांशी हात मिळवला. साहेब मान खाली घालून म्हणाले, "पोरांनो, माझं चुकलं. तुम्ही माणसं वाचवलीत."

मामा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला. गेल्या उन्हाळ्यात, घरच्या अंथरुणावर, झोपेतच वारला.