आत्याचं घर पंधरा फूट सरकलं

"हे घर इथे नाहीच!"

पहिल्या भेटीत तो मला हे म्हणाला. समोर गुडघ्याएवढं चिऱ्याचं जोतं, आणि हा माणूस मोबाईलमध्ये बघून म्हणतोय घर नाही! मी उडालेच.

"डोळे तपासून घ्या," मी म्हटलं.

"डोळे बरे आहेत, मॅडम. मघापासून तुमच्याकडेच... म्हणजे, जोत्याकडेच बघतोय." कानाच्या पाळ्या लालेलाल!

हा विनीत, पंचायत समितीचा घरकुलांचा इंजिनियर. माझ्या मथुराआत्याला सत्तराव्या वर्षी सरकारी घरकुल मंजूर झालं होतं. एकटीला! तीस वर्षं आमच्याकडे काढल्यावर तिने गेलेल्या नवऱ्याच्या वाट्याच्या धामापूरच्या दोन गुंठ्यांत घर मागितलं, तेव्हा आमच्याकडे दोन दिवस कोणी धड जेवलं नाही. "लोकांका काय सांगू?" बाबा ओरडले. आत्या शांत. "सांग, माका माज्या चुलीर चाय करूची आसा."

आणि आता अर्जाच्या फोटोत जागा एक, जोतं दुसरीकडे. घरकुलच रद्द होण्याची वेळ.

"जागा कोणी बदलली?" विनीतने विचारलं.

"देवान," आत्या म्हणाली. "कौल घेतलंय. थंयसून गावाचो राखणदार देव रात्रीचो फिरता. तेच्या वाटेर घर बांदूचा? पंधरा फूट सरकयलंय."

"अगे आये माजे!" साहेबांची शुद्ध मराठी एका दमात बांद्याला, त्यांच्या गावी पोचली. "आत्यानू, माका तरी इचारूचा!"

मला हसू फुटलं. त्याने वळून बघितलं... आणि मी गेले कामातून.

जागाबदलाच्या कागदांसाठी तो चारदा आला. दरवेळी पाऊस, दरवेळी आम्ही दोघं नारळाच्या एकाच झापाच्या आडोशाला.

"पाचव्यांदा येणार?" मी विचारलं.

"बोलवशील तर..." तो थांबला. "नको. आत्याचं घर पुरं होऊन शेवटचा फोटो सरकारकडे जाईपर्यंत मी काही बोलणार नाही, नम्रता. लोक म्हणतील, म्हातारीचं घर भाचीच्या डोळ्यांवर मंजूर झालं."

म्हणजे— बोलण्यासारखं काही होतं! मी भिजले तरी मला कळलं नाही.

जागा मंजूर झाली, घर उभं राहिलं. घरभरणीला विनीतने शेवटचा फोटो पाठवला आणि माझ्याजवळ आला. "आता..." एवढ्यात बाबांनी गाऱ्हाण्यासाठी, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायला, घसा खाकरला. गाऱ्हाणं पुरुषाने घालायचं, हा आमचा रिवाज. पण नारळ आत्याने उचलला.

"घर माजा, गाऱ्हाणाय माजा."

सगळे गार!

"बा देवा महाराजा, ह्या घरात माका एकटीक सुखान रवांदे!"

"व्हय महाराजा!" माणसं सवयीने म्हणाली.

"आणि माज्या घरासाठी ह्या दोगांनी इतके म्हयने तोंडाक कुलूप लावल्यानी, तां आज उघडांदे!"

बाबांनी आ वासलेला... आणि मागून विनीतचा कापरा आवाज आला—

"व्हय महाराजा!"

सगळं घर माझ्याकडे वळलं. बाबासुद्धा. लाजून मरावं की पळावं? मीही म्हटलं. इतक्या मोठ्याने, की धामापूरच्या तळ्याच्या पलीकडे ऐकू गेलं असेल.