अस्सल पाहिले

माघ वद्य पंचमीचा दिवस उजाडला तेव्हा तांबरगडाच्या पश्चिम कड्याला धुके अजून चिकटून होते, आणि त्या धुक्याखाली, उतारावरच्या करवंदीच्या जाळ्यांपासून ओढ्याच्या पात्रापर्यंत, सारोळे सरकारच्या फौजेच्या राहुट्या दंवाने भिजून गप्प उभ्या होत्या. गडाच्या बुरुजावर जे निशाण होते तेच खालच्या छावणीतही होते. वरचे लोक आणि खालचे लोक एकाच धन्याचे, एकाच मुलखातले. कित्येकांची तर आपसात सोयरीक. तरी चार महिने ते एकमेकांवर गोळ्या झाडत होते. आता त्यांना त्याचा रागही उरला नव्हता. सकाळ झाली की मोर्चात जाऊन बसायचे, बंदुकीची जामगी पेटवायची, दुपारी मेलेला माणूस उचलायचा आणि सांज झाली की भाकरी भाजायची, एवढेच चालले होते.

हे सारे एका पत्रावरून झाले होते.

सारोळ्याचे राजे दोन वर्षांपूर्वी निपुत्रिक वारले. दत्तक ठरेपर्यंत राणी मैनाबाईसाहेब दौलत सांभाळीत होत्या आणि कारभार दिवाण कृष्णराव मुतालिक यांच्या हाती होता. दत्तक आपल्या पसंतीचा बसावा ही दिवाणांची इच्छा. तिला उघड विरोध करणारा माणूस एकच, तांबरगडचा किल्लेदार जानोजी पानसंबळ. “आईसाहेब ज्याला मांडीवर घेतील त्याला मुजरा करीन, दुसऱ्याला नाही,” असे त्याने भर सदरेवर सांगितले होते. पुढे आश्विनात जानोजीच्या शिक्क्याचे एक पत्र दिवाणांनी दरबारी हजर केले. मोगलाईतल्या सुभेदाराला गड देतो, बदल्यात जहागीर द्यावी, असा त्यातला मजकूर. आईसाहेबांचा विश्वास बसेना. त्यांनी एकच प्रश्न केला, “अखबारनवीस काय म्हणतात?”

अखबारनवीस आबाजी नरहर किंजवडेकर यांनी तीस वर्षे सारोळ्याचा अखबार लिहिला होता. रोज सकाळी तो दरबारात वाचला जाई आणि त्याच्या नकला जासुदांच्या हाती पुण्यापासून हैदराबादेपर्यंत सोळा दरबारांत पोचत. पंतांची एक रीत होती. कानावर आलेल्या बातमीपुढे ते ‘ऐकीव’ लिहीत आणि स्वतः तपासलेल्या कागदापुढे ‘अस्सल पाहिले’. त्या दोन शब्दांसाठीच सोळा दरबार त्यांच्या अखबाराची वाट पाहत.

त्या दिवशी दिवाणांनी ते पत्र पंतांच्या समोर धरले ते पालखीत चढता चढता. शिक्का दिसला, अक्षर गडावरच्या कारकुनाचे वाटले. पंतांनी हात पुढे केला, तोवर पत्राची घडी झाली होती.

“नीट पाहून घेतो, दिवाणसाहेब.”

“पाहिलंत की आता! पंत, वीस वर्षांत आम्ही तुम्हाला कधी खोटा कागद दाखवला आहे?”

दाखवला नव्हता, हे खरे होते. पंतांचे वय बासष्ट, डोळ्यांना पाणी येत असे, त्या आठवड्यात ताप येऊन गेलेला. हट्ट धरून पालखी थांबवावी एवढे त्राण त्यांच्यात उरले नव्हते. घरी जाऊन त्यांनी बोरू उचलला आणि लिहिले, ‘अस्सल पाहिले.’

फौज निघाली. तिचे सरदारपण दिवाणांच्या मेहुण्याकडे, सुभानरावाकडे गेले. पंधरा दिवसांनी जानोजीचे उत्तर आले, “ते पत्र माझे नव्हे. माझ्या धन्याच्या फौजेवर मला बंदूक उचलायला लावू नका.” दिवाणांनी दोन्ही कागद दरबारात शेजारी ठेवले. पहिल्या पत्रावरच्या शिक्क्यात सूर्याशेजारी चंद्राची कोर पुरी होती. उत्तरावरच्या शिक्क्यात कोरीचे खालचे टोक नव्हते. “शिक्काच जुळत नाही,” दिवाण म्हणाले. “किल्लेदार गड सोडून पळाला असावा, हे उत्तर दुसऱ्याच कोणी लिहिले.” आईसाहेबांनी दोन्ही कागद आपल्या पेटीत ठेवून घेतले. बाहेरच्या दरबारांतही वाद माजला. कोणी पत्र बनावट म्हणे, कोणी उत्तर बनावट म्हणे; दोन्ही पक्ष पुरावा म्हणून सारोळ्याचाच अखबार काढून दाखवीत. वाद लांबला तशी माणसे त्याला कंटाळली. गडावर रोज माणूस पडत होता ही बातमी अखबारात एका ओळीची झाली.

माघात सुभानरावाने सुरुंग तयार केला. सप्तमीस एल्गार करायचा ठरला. त्याआधी किल्लेदाराचे मागले अपराध अखबारात यावेत, अशी दिवाणांची आज्ञा झाली. म्हणून चतुर्थीस पंत दफ्तरखान्यात बसून गडाकडून आलेल्या कागदांचे रुमालात बांधलेले गठ्ठे सोडू लागले. अपराध काही सापडेनात. गडाला दोर हवे आहेत, चुना हवा आहे, टाक्यात बेडूक झाले आहेत, असलीच पत्रे. भाद्रपदातल्या एका कागदावर, चुन्याच्या मागणीखाली, त्यांना शिक्का दिसला. कोरीचे खालचे टोक तुटलेले होते.

त्यांनी तो कागद खिडकीपाशी नेला. श्रावणातला एक कागद काढला. त्यात किल्लेदाराने सहज लिहिले होते की सदरेच्या पायरीवर शिक्का पडून त्याचा कोपरा उडाला, नवा पाठवावा. नवा कोणी पाठवला नव्हता. आषाढातल्या कागदावर कोर पुरी होती.

म्हणजे तुटका शिक्का खरा. आश्विनातले पुऱ्या कोरीचे पत्र कोणीतरी जुना कागद पुढे ठेवून, नवा शिक्का कोरून केलेले. बनवणाऱ्याला शिक्का पडल्याचे ठाऊक नव्हते. आणि ज्याला ते समजायला हवे होते त्याने ‘अस्सल पाहिले’ लिहिले होते.

पंत तिथेच खाली बसले. भीती वाटली ती नंतर. आधी वाटला तो शीण. हे कागद उचलून न्यावेत तर उद्या दिवाण म्हणतील, पंतांनीच बनवले. ठेवून जावेत तर उद्या ते इथे नसतील. शेवटी त्यांनी रुमाल बांधून जागच्या जागी ठेवला आणि गडाची पत्रे आणखी कुणाकुणाकडे जात असतील ते आठवीत घरी गेले.

पंचमीच्या सकाळी त्यांनी धुतलेला अंगरखा घातला. पत्नी राधाबाई चुलीपुढून म्हणाल्या, “अहो, आज दरबारात काही विशेष?”

“वाचन आहे. रोजचंच.”

“मग धुतलेला अंगरखा का?”

“कालचा मळला होता,” पंत म्हणाले. पण उंबऱ्यावर थांबून म्हणाले, “मला उशीर झाला तर तुझ्या भावाकडे जा. वाट पाहत बसू नको.” राधाबाई चुलीपासून उठल्या आणि दारापर्यंत आल्या.

दरबार भरला. चिकाच्या पडद्याआड आईसाहेब, समोर दिवाण, दोन्ही बाजूंना मानकरी. भालदाराने ललकारी दिली. पंतांनी मुजरा केला, कागद उघडला आणि ज्या सपाट आवाजात ते तीस वर्षे वाचत आले होते त्याच आवाजात वाचू लागले.

“माघ वद्य पंचमी. सारोळे दरबारचा अखबारनवीस आबाजी नरहर याने आश्विनमासी तांबरगडच्या पत्रापुढे ‘अस्सल पाहिले’ म्हणून लिहिले. ते खोटे. पत्र त्याने हाती घेतले नाही, उजेडात धरले नाही, मागल्या कागदाशी ताडले नाही. त्या खोट्या अक्षरांवर फौज गेली व माणसे मेली.”

दिवाण सावकाश उठले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट दया होती.

“पंतांचं वय झालं, आईसाहेब. पण प्रश्न राहतोच. हे स्वतःच सांगतात की आपण खोटं लिहिलं. मग पंत, खोटं तेव्हा लिहिलंत की आता वाचलंत? आम्ही कोणत्या आबाजीपंतांवर विश्वास ठेवावा?”

“कोणत्याच नाही,” पंत म्हणाले. “दोन्ही वेळा मीच आहे. म्हणूनच माझी विनंती आहे, माझं ऐकू नये. श्रावणानंतर गडानं देवीच्या पुजाऱ्यांना नवरात्राच्या निशाणाचं पत्र पाठवलं असेल. दारूकोठीला बारुदाची मागणी गेली असेल. घाटाच्या नाक्यावर परवाने असतील. ही तिन्ही ठिकाणं माझ्या हातातली नाहीत. आईसाहेबांनी आपली माणसं पाठवून कागद आणावेत आणि शिक्क्यातली कोर पाहावी. कोर पुरी निघाली तर मी इथंच आहे.”

“एल्गार दोन दिवसांवर आला असता दरबारानं पुजाऱ्यांची पत्रं वाचत बसावं?” दिवाणांचा आवाज प्रथमच चढला. “शिपाई, यांना घेऊन जा!”

दोन शिपाई पुढे आले. एकाने पंतांचा दंड धरला.

“हात काढ,” पडद्याआडून आवाज आला. “आमची आज्ञा झालेली नाही.”

नाका दूर होता. पण देऊळ आणि दारूकोठी जवळच. घटकाभरात दोन्हीकडचे कागद आले. आईसाहेबांनी आपली पेटी मागवली, आतले दोन कागद काढले आणि चारही कागद गालिच्यावर मांडायला लावले. म्हाताऱ्या मानकऱ्यांनी खाली वाकून पाहिले. भाद्रपदातल्या देवळाच्या पत्रावर कोर तुटलेली, त्याच महिन्यातल्या बारुदाच्या मागणीवर तुटलेली, किल्लेदाराच्या उत्तरावर तुटलेली. फक्त आश्विनातल्या त्या एका पत्रावर पुरी.

“दिवाणजी,” आईसाहेब म्हणाल्या, “पितळेतली कोर भाद्रपदात तुटली होती. आश्विनात ती जुळली कशी?”

कृष्णराव मुतालिकांनी बोलण्यासाठी तोंड उघडले, मानकऱ्यांकडे पाहिले आणि कमरेचा शेला नीट केला. त्याच दुपारी त्यांना नजरकैदेत नेले.

पण गडाचे काय? मोर्चे उठवण्याचा हुकूम निघाला, हुजुरातीचे, म्हणजे आईसाहेबांच्या खास पथकातले, पन्नास स्वार तयार झाले, तेव्हा एक वयोवृद्ध मानकरी म्हणाला, “छावणी हुकूम मानील. पण जानोजीराव सारोळ्याचा कागद कशाला मानील? दरवाजा उघडायला लावायची ही चाल आहे असंच त्याला वाटेल.”

“मी जातो,” पंत म्हणाले. आईसाहेबांनी त्यांना जाऊ दिले.

षष्ठीच्या सकाळी पंत घोड्यावरून उतरले ते दोघांच्या आधाराने. सुभानरावाने हुकूम वाचला, हुजुरातीचे स्वार पाहिले आणि मोर्चे मागे घेतले. तिथून पुढची वाट पंतांनी एकट्याने चढायला घेतली. हातात काठी, डोक्यावर पागोटे, कमरेला काही नाही. पहिल्या वळणावर वरून गोळी आली आणि दगडाची कपची त्यांच्या गालाला लागली. पंत खाली बसले, गाल पुसला आणि पुन्हा उठले. दुसरी गोळी पायापाशी पडली. ते थांबले, कारण धाप लागली होती, आणि मग चालू लागले. तिसरी गोळी आली नाही.

दिंडी दरवाजा हातभर उघडला. जानोजी पानसंबळ स्वतः उभा होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

“कागद आणला असाल तर खाली टाका,” तो म्हणाला. “कागद मी वाचत नाही आता.”

“कागद नाही आणला. मी आबाजी नरहर. पत्र हाती न घेता ‘अस्सल पाहिले’ लिहिणारा. पत्र बनावट होतं, हे काल दरबारात ठरलं. दिवाण कैदेत आहेत. मोर्चे उठले, ते तुम्हाला इथून दिसतात.”

जानोजीने खाली पाहिले.

“माझा धाकटा भाऊ बहिर्जी, पौषात गेला. त्या बुरुजावर.” त्याने हात केला नाही, नुसते सांगितले. “त्याला मारणारा गोलंदाज आमच्याच गावचा. पंत, तुम्ही तेव्हा पत्र हातात घेऊन पाहिलं असतंत तर?”

“तर तो जिवंत असता.”

“क्षमा मागायला आलात?”

“नाही. मागण्याजोगं काही उरलेलं नाही. तुम्ही दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं म्हणून आलो.”

जानोजी बाजूला सरला. “आत या. पाणी प्या. रक्त येतंय तुमच्या गालातून.” दरवाजा उघडला गेला. आत गडकरी भिंतीला टेकून बसले होते. वेढा उठल्याचे त्यांना सांगितले. एक जण तिथेच आडवा झाला आणि झोपी गेला.

पुढे जानोजीने गडाच्या किल्ल्या आईसाहेबांच्या पायाशी ठेवल्या. आईसाहेबांनी त्या परत दिल्या तरी त्याने घेतल्या नाहीत. “चाकरी पुष्कळ झाली,” एवढे म्हणून तो आपल्या गावी शेतावर गेला. दिवाण मुतालिक एका दूरच्या गडावर कैदेत वारले. पंतांनी शिक्षा मागितली. आईसाहेब म्हणाल्या, “जितक्या दरबारांत खोटं गेलं तितक्या दरबारांत खरं पोचवा. झालं की मग आमच्याकडे या.”

पंतांनी सोळा नकला स्वतःच्या हाताने लिहिल्या. जासूद गेले. सहा दरबारांनी पोच दिली. सात ठिकाणांहून काहीच आले नाही. ती बातमी आता जुनी झाली होती आणि जुन्या बातमीच्या दुरुस्तीत कोणाला रस नव्हता. दोन ठिकाणी तर जानोजी फितूर म्हणूनच राहिला, कायमचा. सोळाव्या दरबाराकडून मात्र उत्तर आले, सुवाच्य आणि सभ्य: सारोळ्याचा पूर्वीचा अखबार ‘अस्सल पाहिले’ म्हणून आला होता, आता त्याच हातचा दुसरा कागद पहिला खोटा म्हणतो, तरी सदरहू दुसरा कागद अस्सल कशावरून समजावा, ते कळवावे.

पंतांनी ते पत्र दोनदा वाचले. मग राधाबाईंना म्हणाले, “आठ-दहा दिवसांची शिदोरी बांध.”

“लिहून नाही का कळवता येत?”

“नाही येत.”

नवव्या दिवशी, पाय सुजलेले, अंगरखा धुळीने भरलेला, अशा अवस्थेत ते त्या दरबारच्या अखबारनवीसासमोर उभे राहिले आणि त्यांनी आपले नाव सांगितले. समोरच्या पोक्त गृहस्थाने हातातला बोरू खाली ठेवला, त्यांना पायांपासून पागोट्यापर्यंत न्याहाळले आणि अदबीने विचारले, “आपण तेच आबाजी नरहर, कशावरून?”

आबाजीपंत सतरंजीवर बसले, घोटभर पाणी मागून प्याले, आणि पहिल्यापासून सांगू लागले.