मास्तरांच्या कोटाचं बटण

"एक बटण हवं होतं... मिळेल?"

इजोलिनाने मान वर केली. गोदामाच्या दारात एक किडकिडीत तरुण कोटाची कड मुठीत धरून उभा होता. इटलीतल्या प्रातो गावच्या त्या चिंध्यांच्या गोदामात लोक गाठोड्यांनी माल न्यायला येत; एका बटणासाठी आजवर कुणी आलं नव्हतं बाई!

"कोट वडिलांचा आहे हो," तो ओशाळून म्हणाला. "ते गेले. असलं शिंगाचं बटण दुकानात मिळत नाही."

"मग बसा शोधत!" तिने डबा पुढे सरकवला. देशोदेशीचे जुने कोट ती दिवसभर उसवायची — लोकर एकीकडे, अस्तर एकीकडे, बटणं डब्यात. "सांगून ठेवते, जन्म जाईल. मीही बघते म्हणा."

तो खरंच बसला. नाव दुच्चो. गावच्या शाळेत नाताळपर्यंत बदलीवर लॅटिन शिकवायला आलेला. दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशीही... खिशात तिच्यासाठी कडक बदामी बिस्किटं घेऊन.

शेजारी बसणाऱ्या म्हाताऱ्या झेलिंदाला गप्प बसवेना. "काय गं, मास्तरांच्या बटणाला पाय फुटले वाटतं? रोज पुढे पुढे पळतंय!"

इजोलिना कानापर्यंत लाल व्हायची.

"शाळेत वर्षाअखेर आम्ही पोरांचे गुण तपासायला बसतो ना," एकदा तो म्हणाला, "त्याला स्क्रुतिनिओ म्हणतात. बारीक छाननी. कुठून आला हा शब्द, ओळखा!"

"मी पाचवी शिकलेली. मला काय विचारता?"

"तुमच्याकडूनच आलाय. जुन्या लॅटिनमध्ये स्क्रुता म्हणजे चिंध्या, मोडकंतोडकं. तो ढीग उपसून उपसून पाहायचं... ती छाननी."

"अगंबाई! एवढा भारदस्त शब्द, आणि आमच्या ढिगातला?"

"तुमचाच. मालकीण तुम्ही," तो म्हणाला, आणि नजर काढून घ्यायला विसरला.

गावच्या नाचाला गेलं की ती आपले धुळकट हात पाठीमागे लपवायची. त्या हातांना आजवर कुणी असा मान दिला नव्हता. इजोलिना प्रेमात पडली, अगदी साफ पडली.

मग सुट्टीआधीचा शेवटचा दिवस उजाडला. दुच्चो नखशिखांत भिजून आला. तिने कोट ओढूनच घेतला, शेगडीजवळ वाळत घालायला. सवयीने बोटं कापडावरून फिरली... आणि कोपरावर थांबली.

रफू होतं. डोळ्यांना दिसणार नाही असं. कोटाच्याच आतल्या पट्टीतले धागे एकेक ओढून विणलेलं, म्हणजे रंगसुद्धा वेगळा दिसू नये. आणि ताजं.

"आईने केलंय?"

"आई नाही मला."

"मग?"

तो शेगडीकडे वळला. "नोरीना... लुक्काला असते. ईस्टरनंतर आमचं लग्न ठरलंय." मग एकदम जवळ आला. "ठरलं होतं, इजोलिना! मी सांगणारच होतो. तू एक शब्द बोल, मी गाडीत चढतच नाही."

बोल गं बोल, असं तिचं मन आक्रोश करत होतं. पण बोट त्या टाक्यांवरून हलेना. असलं काम आठवडाभर डोळे फोडल्याशिवाय होत नाही, आणि इतके डोळे कुणी उगाच फोडत नाही. ती पोरगी लुक्काला वाट पाहत असेल.

"तू इतकं बारीक पाहिलंस तरी कशाला?" तो कळवळून म्हणाला.

"तुम्हीच सांगितलंत ना मास्तर, तो शब्द आमचा आहे."

झेलिंदाने मान फिरवून डोळे पुसले. इजोलिनाने सुईत दोरा ओवला, एप्रनच्या खिशात हात घातला आणि शिंगाचं एक तपकिरी बटण काढलं. हुबेहूब तसलंच. एकेक टाका घालून तिने ते कोटाला पक्कं लावलं.

दुच्चो बघतच राहिला. "हे... कधी सापडलं तुला?"

तिने दोरा दाताने तोडला आणि कोट त्याच्या हातात दिला.

"पहिल्याच दिवशी."