इबिसोच्या घरची वीज

लागोसच्या त्या ऑफिसात इबिसोची पाळी सोमवारी आणि बुधवारी. बाकीचे दिवस घरून काम. पण एका मंगळवारी याबा भागातल्या तिच्या घरची वीज गेली, जनरेटरनेही मान टाकली, म्हणून ती ऑफिसात आली—तर तिच्या टेबलाशी एक तरुण आरामात बसलेला.

"हे टेबल माझं आहे," ती म्हणाली.

"सोमवारी असेल," तो म्हणाला. "मंगळवारी आणि गुरुवारी माझं."

दोन माणसांत एक टेबल, ही कंपनीची काटकसर. कंपनी तिला 'लवचीकपणा' म्हणे. त्या तरुणाने, ओसारेटिनने, खुर्ची सरकवून तिला अर्धं टेबल दिलं, वर गरम पफ-पफही, साखरेत घोळवलेले तळलेले गोळे. बोटांना लागलेली साखर पुसायचं तिला बराच वेळ सुचलं नाही...

त्यानंतर इबिसोच्या घरची वीज दर मंगळवारी जाऊ लागली. गुरुवारीही. खरं तर घरी दिवे लख्ख असायचे. पण लागोसात या सबबीवर शंका कोण घेणार? घरून काम मिळावं म्हणून लोक उपास धरत होते, आणि ही खाडीवरच्या लांब पुलावर गाड्यांच्या रांगेत तास-तास अडकूनही टवटवीत पोचायची.

"आजही गेली?" तो विचारायचा.

"केव्हाच गेली."

"फार वक्तशीर आहे तुमच्याकडची वीज."

तो हसला की तिला वाटायचं—कळलं याला. कळलं नव्हतं.

एका गुरुवारी तो फुलून आला. घरून काम करणाऱ्यांच्या सोयी पाहणाऱ्या समितीवर तो होता, हे तिला तेव्हा समजलं. बिचारी मुलगी उगाच पूल ओलांडते, असं सांगून त्याने महिनाभर साहेबांचं डोकं खाल्लं होतं. आता कंपनी तिच्या घरी इन्व्हर्टर बसवणार होती. मग ऑफिसात यायची गरजच नव्हती, सोमवारीसुद्धा.

"तुझ्यासाठी काहीतरी करायचं होतं मला," तो म्हणाला.

इतकं मनापासून तिच्यासाठी आजवर कुणी भांडलं नव्हतं. आता खरं सांगावं, तर त्याचीच समितीत फजिती. 'वीज जातच नव्हती, ओसा—' शब्द ओठांपर्यंत आले. तिने ते गिळले आणि आभार मानले.

त्याचं हसू हळूहळू ओसरलं. "म्हणजे... तू येणारच नाहीस आता. हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"होईल सवय," ती म्हणाली, आणि पर्स उचलली.

होऊ देऊ नकोस, एवढंच तिला म्हणायचं होतं.