चौथा दिवस

सागाची पानगळ सुरू झाली होती. या दिवसांत आलापल्लीत अंगणात कोणी आलं, तर आधी पानं वाजतात, मग माणूस दिसतो. गुणवंतराव कागद घेऊन ओसरीवर बसले तेव्हा पानं गप्प होती.

उभं आयुष्य शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम हाती घेतलं होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धावर, गेटिसबर्गच्या तीन दिवसांच्या लढाईवर मराठीत पुस्तक. दिवसा लिहायचं आणि दिवेलागणीला बायकोला वाचून दाखवायचं. रंभाबाई बाजेवर बसून तांदूळ निवडत, वाक्यागणिक हुंकार देत. मधूनच टोमणाही मारत, "भाऊ भावाले मारून राह्यला, अन् तुमी तारखा सांगून राह्यले." गुणवंतराव निमूटपणे तारीख खोडत.

पावसाळ्यात रंभाबाई वारल्या. पुस्तक लढाईच्या दुसऱ्या दिवसावर अडलं. हुंकाराशिवाय त्यांना पुढचं वाक्य सुचेना.

पानगळीतल्या त्या संध्याकाळी, घरात माणसाचा आवाज व्हावा एवढ्यासाठी, त्यांनी रिकाम्या बाजेकडे तोंड करून एक जुनं पान वाचलं. गव्हाचं उभं शेत, त्यात आडवी झालेली पोरं. वाक्य संपलं.

"हं."

बाईंचा तोच हुंकार, थोडा नाकातून आलेला. ते घाबरले नाहीत. त्यांनी पुढचं वाक्य वाचलं. मग त्याच्या पुढचं.

लेखणी पुन्हा धावू लागली. स्वयंपाकाला येणाऱ्या सुकरीने एकदा विचारलं, की सर रोज कोणाशी बोलता. त्यांनी लपवलं नाही. एटापल्लीकडच्या त्या बाईने बाजेकडे पाहिलं, मग अंगणाकडे, आणि आवाज हळू केला.

"एकल्या बाईच हायेत का, सर? आमची बुडी म्हणे, हुंकार देणारा नसन तं गोष्ट सांगू नये. रिकामी जागा पाहून कोणीबी आयकाले बसते..."

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळीच रांधून जाऊ लागली.

मग गुणवंतरावांनाही ऐकू येऊ लागलं. बाईंच्या हुंकाराखाली दुसरे हुंकार. पुरुषांचे, दबलेले, कुंपणापासून थेट सागांपर्यंत. कोणी मेल्याचं वाक्य आलं की ते सगळे एकदम उमटत. वाऱ्यावर बंदुकीच्या जळक्या दारूचा आणि ओल्या लोकरीचा वास येई. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. बाजेवरून आवाज येतोय ना, मग बाहेर कोण का बसेना.

शेवटचं प्रकरण झालं. चौथ्या दिवशी पाऊस पडला, कोणी लढलं नाही, हरलेलं सैन्य परत फिरलं. ते वाचताच अंगणातून सुस्कारा आला, एवढा लांब, की कंदिलाची वात हलली. पानं वाजली. एकेक जण उठून जात होता. आणि बाजेवरचा हुंकार आला तो अगदी क्षीण, दाराकडे निघालेल्या माणसाचा.

"जाऊ नको," ते म्हणाले. "संपलं नाई अजून."

ते शेवटचं पान त्यांनी दुसऱ्या दिवशी बदललं. पोरांच्या वहीतल्या चुकीच्या सालाभोवती ज्या हाताने जन्मभर लाल गोल काढले, त्याच हाताने लिहिलं: 'चौथ्या दिवशी सकाळी पाऊस थांबला आणि तोफा पुन्हा सुरू झाल्या. जे उरले होते, त्यांना उभं राहण्याचा हुकूम झाला.'

दिवेलागणीला त्यांनी ते वाचलं.

पानं परत वाजत आली. आता एकेकाच्या पावलांखाली नाही. एका तालात, रांगांनी. कुंपणापाशी येऊन थांबली. कोणी हुंकार दिला नाही. बाजही गप्प. गुणवंतरावांनी ओळ पुन्हा वाचली, जरा मोठ्याने.

"हं..."

बाहेरून आला. रांगांच्या मधून, लांबून.

ते बाजेकडून अंगणाकडे वळले. "रंभा... तू तिथी काऊन? आत ये..."

पानं हलली नाहीत. त्यांनी पेन काढून ती दोन्ही वाक्यं खोडली, कागद फाटेपर्यंत खोडली. रांगा तशाच उभ्या. हुकूम होऊन गेला होता, बाजेवरच्या बाईंनाही.

"मंग?" अंधारातून रंभाबाईंनी विचारलं. पुढे काय होणार, हे गुणवंतरावांनाही माहीत नव्हतं.

आणि मग तोच शब्द रांगेतल्या एकेकाने उचलला, न येणारी भाषा बोलावी तसा अडखळत, कुंपणापासून सागांपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे.

"मंग...? मंग...?"